चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

मला मधुमेह झालाय हे सगळ्यात आधी मुंग्यांना कळलं असणार. पण आमच्याकडे मुंग्यांचं कोण ऐकतो? माझं गुऱ्हाळ आहे. कडेगावपासून थोडं आत, कॅनॉलच्या अलीकडे, पत्र्याचं एक शेड, त्यात रस काढायचा चरक, चुलवाण म्हणजे मोठी भट्टी, आणि चुलवाणावर रस आटवायला बसवलेली पसरट कढई, काहील. दिवाळी झाली की चुलवाण पेटतं ते शिमग्यापर्यंत. तेवढे दिवस माझ्या कपड्यांना, चपलेला, चष्म्याच्या काड्यांनासुद्धा मुंग्या लागलेल्या असतात. शेडच्या मागं लघवीला जाऊन आलो की जरा वेळानं तिथं मुंग्यांची जत्रा भरायची. जुनी माणसं म्हणतात, असं झालं की समजून जावं. मी काही समजलो नाही. गुऱ्हाळावर मुंग्या दिसल्या नाहीत तर काळजी करायची, दिसल्या तर कसली?

तसा मी मुळातला गुळव्या नव्हे. वीस वर्षं फौजेत कारकुनी केली. पेन्शन घेऊन गावी आलो तेव्हा वडील अजून काहिलीपाशी उभे होते. दोन हंगाम त्यांनी मला शेजारी उभं करून शिकवलं आणि तिसऱ्या हंगामाला पळी माझ्या हातात देऊन स्वतः बाजेवर बसले. रस उकळत असतो, उकळत असतो आणि एका क्षणी त्याचा गूळ होतो. त्याआधी काहील उतरवली तर काकवी, नंतर उतरवली तर करपट कोळसा. तो क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. बाकी उसाची मोळी वाहायला, चुलवाणात चिपाड सारायला माणसं मिळतात. गुळव्या मिळत नाही. फौजेत माझ्यासारखे कारकून पोत्यानं होते. इथं पंचक्रोशीत माझ्या हाताचं नाव होतं. बाजारात लोक म्हणायचे, "तुमचा गूळ तोंडात घातला की वळखू येतोय." हे ऐकून माझी छाती दोन इंच फुगायची.

वडिलांनी मला पळीबरोबर तीन-चार गोष्टी दिल्या, त्या मी बिनतक्रार घेतल्या. एक पितळी वाटी. तिच्या काठोकाठ चुन्याची निवळी भरून काहिलीत टाकायची, म्हणजे रसातली मळी वर येते. कमी नाही, जास्त नाही. दुसरं, काहिलीच्या कट्ट्यावर पायात काही घालून चढायचं नाही. तिसरं, बायकांनी कट्ट्यावर चढायचं नाही. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. आणि चौथं, हंगामाच्या पहिल्या काहिलीचा पहिला खडा गुळव्यानं सगळ्यांसमोर तोंडात टाकायचा. तो 'झाला' म्हणाला की मग बाकीच्यांनी हात लावायचा.

त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच उकळत्या काकवीचा एक थेंब माझ्या डाव्या पायावर पडला. थेंब कसला, बोराएवढा चांगला गोळा होता. मला कळलंच नाही. चुलवाणात जाळ घालणारा आमचा म्हातारा खालून ओरडला, "आवं, पाय भाजला की तुमचा," तेव्हा मी खाली बघितलं. कातडी सोलून निघालेली. आणि दुखत नव्हतं. मला वाटलं, फौजेतला पाय आहे, दणकट असणारच. घरी आल्यावर बायकोला हे असंच सांगितलं. ती रोज संध्याकाळी पाय बघत राहिली. महिना झाला तरी जखम ओलीच. मग मला मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचं तेवढं बाकी राहिलं होतं. ते तिला येत नसल्यामुळं मी पुढं बसलो आणि तालुक्याला गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षाही लहान. म्हसवडकडची, दुष्काळी भागातली. बोलता बोलता तिनं सांगितलं की तिचे आजोबा उन्हाळ्यात मेंढरं घेऊन आमच्याच भागात उतरायचे आणि ऊसवाल्यांच्या रानात कळप बसवायचे. "तिकडं आमच्यात गूळ औषधापुरताच मिळायचा," ती म्हणाली, "आणि तुमच्याकडं गुळालाच औषध द्यायची पाळी." मला ही थट्टा फारशी आवडली नाही. तिनं रक्त काढायला लावलं, उपाशीपोटीचं आणि जेवणानंतरचं. कागद हातात आला तेव्हा आकडे बघून मला वाटलं, हे कारखान्याच्या उताऱ्याचे असावेत. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी म्हणून एक वेगळा आकडा असतो, तो माझा दहाच्या वर होता. सहाच्या आत हवा.

तिनं गोळ्या दिल्या, खाण्याचं सांगितलं, चालायचं सांगितलं. मग माझ्या तळपायाला एका बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं टोचत ती विचारायला लागली, "लागलं? आता? आता?" डोळे मिटून मी प्रत्येक वेळी "न्हाई" म्हणत होतो. शेवटी ती खुर्चीत बसली आणि सरळ बोलली, "काका, हा पाय मुका झालाय. तीन महिने देते. साखर खाली आली तर ठीक. न्हाई आली तर इन्सुलिन, आणि काहिलीपाशी उभं राहणं बंद. मुक्या पायानं उकळत्या रसाजवळ उभं राहायला मी परवानगी देणार न्हाई. एखाद्या दिवशी पायच जाईल."

पाय जाईल ह्याची मला तितकी भीती वाटली नाही. काहील जाईल ह्याची वाटली. हे चुकीचं आहे हे मला आज कळतं, पण तेव्हा तसंच वाटलं ते सांगतो.

घरी आल्यावर मी एक डायरी सुरू केली. कारकुनाला दुःख झालं की तो रकाने आखतो. वेळ, पदार्थ, माप, शेरा. सकाळी सात, चहा, अर्धा कप, बिनसाखरेचा. साडेआठ, ज्वारीची भाकरी, एक, मेथीची भाजी. असं सगळं. एखाद्या दिवशी शेजारणीनं हातावर चार शेंगदाणे ठेवले तर शेंगदाणे, नग चार. इतकी खरी डायरी मी फौजेतसुद्धा लिहिली नव्हती.

बायकोनं तर घरात कर्फ्यूच लावला. आम्ही थोडा ऊस कारखान्याला घालतो, त्यामुळं सभासदाची सवलतीची साखर दरसाल घरी येते. ते पोतं तिनं उचलून आपल्या भावाच्या घरी पाठवलं. भात बंद झाला. भाकरी दीड होती ती एकावर आली. माझ्या ताटातली काकडी बैल हेवा करतील इतकी वाढली. स्वतःही ती तेच खायची. म्हणायची, दोन सैपाक कोण करतंय. तिच्या साखरेला काही झालेलं नव्हतं, पण सणासुदीची पुरणपोळी तिनंही माझ्यासमोर कधी खाल्ली नाही.

अवघड गेलं ते दुसऱ्यांच्या घरी. आमच्याकडं पाव्हण्याला साखर कमी घातलेला चहा देणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर बसवण्यासारखं आहे. मी "बिनसाखरेचा" म्हटलं की घरातली बाई घाबरून नवऱ्याकडं बघायची. एका घरात तर मला बिनसाखरेचा म्हणून जो कप दिला त्यात फक्त दोन चमचे होते. "तुमच्यासाठी कमी घातलीया," असं त्या माऊलीनं प्रेमानं सांगितलं. मी कप ओठाला लावून खाली ठेवला आणि डायरीत लिहिलं, चहा, घोट एक, गोड, नाइलाज.

पहाटेचं उठून मी आणि बायको कॅनॉलच्या कडेनं चालायला लागलो. ती पुढं, मी मागं. लग्नाला तीस वर्षं उलटली, पण आम्ही दोघं काही काम नसताना एका दिशेनं चाललोय असं कधी झालं नव्हतं. पहिले आठ दिवस लोकांनी विचारलं, "कुणीकडं निगाला?" कुणीकडंच नाही हे सांगायला लाज वाटायची म्हणून ती एक रिकामी पिशवी हातात घ्यायची.

तीन महिने झाले. माझी छाती परत दोन इंच फुगलेली. डायरी काखेत घेऊन मी तालुक्याला गेलो. आणि आकडा निघाला नऊ पूर्णांक आठ.

डॉक्टरीणबाईंनी डायरी पानापानानं वाचली. मग चष्मा वर करून विचारलं, "काका, खरं सांगा. चोरून खाता?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कागदात एक खाडाखोड सापडली नव्हती, आणि ही कालची पोर मला चोर म्हणते. मी डायरी उचलली आणि म्हणालो, "ह्यात लिहिलंय ते खरं हाय. त्यापरीस एक घास जास्त खाल्ला असंल तर मिशी काढीन." ती शांतपणे म्हणाली, "मिशी राहू द्या. पंधरा दिवसांनी या. तेव्हा इन्सुलिनचं ठरवू. आणि काहिलीचंही."

घरी आलो तर बायको माझा शर्ट उलटा करून बघत होती. खिशात मुंग्या होत्या. तिनं शर्ट माझ्यासमोर धरला.   मी भडकलो, म्हणालो, गुऱ्हाळावर मुंग्या लागत नाहीत तर काय लागतं, तुलाही मी चोरच वाटतो का, जा मग, तूही जा डॉक्टरीणबाईच्या बाजूला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. सकाळी चालायला एकटा गेलो. रागारागानं जास्त लांब गेलो, तेवढाच फायदा.

तिसऱ्या दिवशी मी शेडवर होतो. पहिली काहील चढली होती. बघतो तर बायको डोक्यावर पाटी घेऊन येतेय. चिंचेचे दिवस होते. तिनं पाटीभर चिंच आणली होती, ती फोडायला, चिंचोके काढायला. "घरी एकटीला कट्टाळा येतोय," एवढं म्हणाली आणि खांबाला टेकून बसली. कट्ट्यापासून पाच-सहा हातांवर, सगळं दिसेल अशी. मला वाटलं, समेट करायला आलीय. माणूस फौजेत राहिला तरी बायकांच्या चाली त्याला कळत नाहीत.

दिवसभर मी माझं काम केलं. ते काम कसं असतं ते सांगतो. चरकातून रस आला की अर्धा पेला प्यायचा. रान खारवट असलं तर रसाला मिठाची चव असते, ती आधी कळायला हवी. चुना टाकून मळी काढली की पळीभर रस फुंकून चाखायचा. काकवी व्हायला आली की बोट बुडवून बोट चाटायचं. मग गूळ होत आला की चमचाभर गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि काठावर आपटायची. टण्ण वाजली की झाला. अशा तीन-चार गोळ्या लागतात. आणि आपटून झालेली गोळी कुठं टाकणार? तोंडात. काहील गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली, गूळ घोटला, खुरप्याला लागलेला थर नखानं काढला, तोही तोंडात. वडील हेच करायचे, त्यांचे वडील हेच करायचे.

संध्याकाळी चार वाजता, चौथी काहील उतरल्यावर मी घाम पुसत तिच्याजवळ जाऊन बसलो. तिच्यासमोर चिंचोक्यांचा मोठा ढीग होता. आणि त्याच्या बाजूला एक लहान ढीग. तो तिनं हातानं माझ्याकडं सरकवला.

"मोजा," ती म्हणाली.

"काय हाय हे?"

"मोजा तर."

मी मोजले. सदतीस.

"तुमी सकाळधरनं सदतीस डाव तोंडात घातलं," ती म्हणाली. "अर्ध्या पेल्यालाबी मी एकच चिंचोका धरलाय. तुमी चोर न्हाई. पर खाताय."

मी बोलायला तोंड उघडलं. म्हणणार होतो, अगं, ती चव बघितली. चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, ते काम आहे. पण ते वाक्य जिभेवर येईपर्यंत मला स्वतःलाच ऐकू आलं. डायरी उशाशी होती, रकाने आखलेले होते, शेंगदाणे नग चार लिहिलेले होते, आणि ही सदतीस कधी एका ओळीतसुद्धा आली नव्हती. लपवली म्हणून नव्हे. दिसलीच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

चुलवाणापाशी बसलेला म्हातारा म्हणाला, "वैनी, मला इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. ह्यांचं तोंड दिवसभर चालूच असतंय." म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. मीच काय तो आंधळा. मला आधी लाज वाटली आणि मग हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं धुरानं.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंड बंद केलं. डायरीत पाचवा रकाना आखला, 'चव', आणि त्यात शून्य लिहायला लागलो. पण हे जमणं सोपं नव्हतं. गोळी वळली की हात आपोआप तोंडाकडं जायचा. मी गमछा नाकातोंडावरून बांधला, तर हात गमछ्यापर्यंत यायचा आणि गमछा चिकट व्हायचा. तरी गूळ कधी झाला हे मला कानानं कळत होतं, बुडबुडे बघून कळत होतं, वासानं कळत होतं. मला वाटलं, जमलं. जिभेवाचून काही अडत नाही.

आठव्या दिवशी अडलं. गावातल्याच एका वयस्क शेतकऱ्याचा ऊस आला होता. रान ओढ्याकाठचं, पाणी साठून खारवलेलं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. रस चाखला असता तर पहिल्या घोटाला कळलं असतं. मग तो थोडा थोडा करून दुसऱ्या चांगल्या रसात मिसळून घेतला असता. मी चाखला नाही. गूळ झाला तो काळपट, चिकट, ढेप उभी राहीना. त्यानं एक खडा तोंडात टाकला आणि थुंकला. भांडला नाही. नुसता म्हणाला, "आता हुत न्हाई व्हय तुमच्यानं? तसं सांगायचं की गड्या." आणि बैलगाडीत ढेपा भरून गेला.

त्या दिवशी मी शेडमध्ये बराच वेळ बसून राहिलो. चाखलं तर पाय जातो, न चाखलं तर हात जातो. डॉक्टरीणबाईंनी बंद करायच्या आधी आपणच बंद केलेलं बरं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. बायको नेहमीसारखी खांबाला टेकून चिंच फोडत होती. रोजच यायला लागली होती. तिला मी हे बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "बंद कशापायी? जीभ काय तुमच्या एकट्यालाच हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चरकातून रस आला तशी ती उठली. हात धुतले, पदर खोचला, चप्पल काढली आणि सरळ कट्ट्यावर चढली. चरकावरची माणसं थांबली. म्हातारा चुलवाणाच्या तोंडापासून मान वर काढून बघायला लागला. मी वडिलांची आठवण काढली, क्षणभर वाट बघितली, काही घडतंय का. काही घडलं नाही. रस होता तसाच वाहत राहिला. तिनं पेल्यात घोटभर घेतला, तोंडात घोळवला, आणि म्हणाली, "ह्यात मीठ हाय. आळवाच्या भाजीत चालंल, गुळात न्हाई."

मी तो रस बाजूला ठेवला आणि दुपारच्या चांगल्या रसात मिसळत गेलो. गूळ झाला पिवळाधमक. त्या दिवसापासून चाखायचं ती आणि ठरवायचं मी, अशी वाटणी झाली. ती चाखून थुंकायची नाही, घोटभरच घ्यायची, आणि घरी गेल्यावर म्हणायची, आता भाकरीला भूक न्हाई. मी तिच्याही नावाचं एक पान डायरीत उघडलं. एका घरात दोन रोगी परवडणार नव्हते. तिची तपासणी दर तीन महिन्यांनी मीच करून आणतो. ती माझ्यापेक्षा चांगली निघते ह्याचा तिला जरा जास्तच अभिमान आहे.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंकडं गेलो तेव्हा मी चिंचोके रुमालात बांधून नेले होते. टेबलावर ओतले आणि सगळं सांगितलं. ती इतकी हसली की बाहेर बसलेल्या पेशंटांनी पडदा बाजूला करून बघितलं. मग म्हणाली, "काका, मी तुम्हाला चोर म्हणाले, त्याची माफी मागते." मी म्हणालो, "माफी नको. आणखी तीन महिने द्या." तिनं दिले. सदतीस चिंचोके मात्र ठेवून घेतले. आता ऊसवाला पेशंट आला की ती आधी ते बाहेर काढते, असं मला दुसऱ्यांकडून कळतं.

उन्हाळा सरता सरता माझा आकडा सातच्या खाली आला. इन्सुलिन लागलं नाही. जखम तर केव्हाच भरली होती. पायाला तिनं परत दोरा लावला; डोळे मिटून मी दहापैकी सहा वेळा "लागलं" म्हणालो. सगळा पाय काही परत येणार नाही असं ती म्हणाली, पण आहे तो टिकेल. परवानगी दिली, एका अटीवर: पायात बूट. मग मी कॅनव्हासचे नवे बूट आणले, ते फक्त कट्ट्यासाठी. ते घालून मी बाहेर कुठं जात नाही. वडिलांचा रिवाज मोडला, पण जरा आदबीनं मोडला.

मला आता बरं वाटतं. हे सरळ लिहायला काय हरकत आहे? झोप लागते, चालताना दम लागत नाही, आणि पहाटे कॅनॉलवर ती रिकामी पिशवी घेत नाही.

गेल्या दिवाळीनंतर नवा हंगाम सुरू झाला. चुलवाणाची पूजा झाली, नारळ फुटला, पहिली काहील चढली. मी वडिलांच्या पितळी वाटीनं चुना मोजून टाकला. गूळ झाला, वाफ्यात ओतला, घोटला. माणसं गोळा झाली. त्यात खाऱ्या उसाचा तो शेतकरीही होता. आढेवेढे न घेता परत आला होता. आता गुळव्यानं पहिला खडा तोंडात टाकायचा. सगळे माझ्याकडं बघत होते. गरम गुळाचा वास असा सुटला होता की मी क्षणभर खरंच हात पुढं केला. एकच खडा, वर्षातून एकदा, डॉक्टरीणबाईसुद्धा नाही म्हणाल्या नसत्या.

मी खडा मोडला आणि बायकोच्या हातावर ठेवला.

ती गोंधळली. तिनं आजूबाजूला बघितलं, मग तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला. आम्ही सगळे 'झाला' ऐकायला थांबलो होतो.

"झाला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पर चुना जास्त हाय."

म्हातारा हसला. मी म्हणालो, "कसा जास्त? वाटी मोजून टाकलीय. रोजचीच वाटी."

"व्हय, रोजचाच जास्त हाय," ती म्हणाली. "मी लगीन हुऊन आले तवापासनं हाय. मामंजी हुते तवाबी हुता. गळ्याला खवखवतंय थोडं."

माझ्या डोळ्यांसमोर बाजारातली ती सगळी माणसं उभी राहिली, तोंडात घातला की वळखू येतोय म्हणणारी. शेतकऱ्यानं घसा खाकरला आणि मान हलवली, तिच्या बाजूनं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"आवं, मला कवा कुणी चाखायला सांगितलं?"

त्यात राग नव्हता.  मी वाटी पुसली आणि तिच्या हातात दिली. दुसऱ्या काहिलीला चुना तिनं टाकला, वाटी तीन बोटं रिकामी ठेवून.

घरी येऊन मी डायरी उघडली. सकाळची उपाशीपोटीची साखर एकशे बारा. भाकरी एक, वांग्याची भाजी, ताक. 'चव'च्या रकान्यात शून्य लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता लिहिलं: चुना जास्त, वडिलांपासून.